आयन रँडच्या नायिका: किती मोकळ्या, किती अडकलेल्या

डॅग्नी टॅगार्ट नऊ वर्षांची असताना ठरवते की मोठेपणी घराण्याची रेल्वे कंपनी आपणच चालवायची. पंधराव्या वर्षी तिच्या पहिल्यांदा लक्षात येतं की बायका रेल्वे चालवत नाहीत, आणि लोक कदाचित यावर हरकत घेतील. ‘गेले खड्ड्यात’ अशा अर्थाचं काहीतरी मनाशी म्हणून ती तो विषय तिथेच मिटवते. सोळाव्या वर्षी ती एका आडगावच्या स्टेशनवर रात्रपाळीला कामाला लागते आणि पुढे सगळ्या कंपनीचं कामकाज तिच्या हातात येतं. भाऊ जेम्स नावापुरता अध्यक्ष, गाड्या चालतात त्या हिच्यामुळे.

डॅग्नी ज्या ‘अ‍ॅटलस श्रग्ड’ची नायिका, ती कादंबरी १९५७ सालची. अमेरिकेत सुशिक्षित गृहिणींच्या घुसमटीवरचं बेटी फ्रीडन यांचं गाजलेलं पुस्तक यायला अजून सहा वर्षं होती. असं असताना हजाराहून अधिक पानांच्या कादंबरीच्या केंद्रस्थानी एक बाई ठेवायची, तिला इंजिनं, रूळ, पूल आणि कर्जाचे व्यवहार यांत मुरलेली दाखवायची, आणि ‘बाई असून हे कसं जमतं’ हा प्रश्न जवळजवळ उपस्थितच होऊ द्यायचा नाही, ही साधी गोष्ट नव्हती. गंमत अशी की ही नायिका घडवणाऱ्या आयन रँड यांनी पुढे स्त्रीमुक्ती चळवळीवर सडकून टीका केली. राष्ट्राध्यक्षपद कोणत्याही समंजस बाईला नकोच असेल, असंही त्यांनी लिहिलं.

हे दोन्ही एकाच डोक्यातून आलं. ते कसं, हे समजून घ्यायचं तर आधी त्यांच्या व्यक्तिवादाकडे जावं लागेल.

व्यक्तिवाद म्हणजे मनमानी नव्हे

रँड यांचं म्हणणं थोडक्यात असं. प्रत्येक माणूस स्वतःच स्वतःच्या जगण्याचं प्रयोजन आहे. तो देशाचं, धर्माचं, कुटुंबाचं किंवा ‘समाजहिताचं’ साधन नाही. जगायला त्याच्याकडे एकच खरं हत्यार आहे, ते म्हणजे बुद्धी. आणि बुद्धी प्रत्येकाला आपापलीच वापरावी लागते. म्हणून स्वतः विचार करणं आणि स्वतःच्या कामातून जगणं हे तिथे सर्वात मोठे सद्गुण. दुसऱ्यासाठी स्वतःचा बळी देऊ नये आणि दुसऱ्याचा बळी मागूही नये. ‘अ‍ॅटलस श्रग्ड’चा नायक जॉन गॉल्ट शपथ घेतो ती नेमकी हीच: मी दुसऱ्या कुणासाठी जगणार नाही आणि दुसऱ्या कुणाला माझ्यासाठी जगायला सांगणार नाही. या शपथेचा दुसरा अर्धा भाग टीकाकार बऱ्याचदा विसरतात आणि पहिला अर्धा भाग भक्त सोयीने वापरतात.

मैत्री, प्रेम, लग्न यांनाही हाच नियम. ही नाती देवाणघेवाणीची. तुझ्यात मला मोलाचं काही दिसतं म्हणून मी तुझ्यावर प्रेम करतो. दया म्हणून नाही, कर्तव्य म्हणून तर नाहीच नाही. या विचाराला त्यांनी ‘ऑब्जेक्टिव्हिझम’ हे नाव दिलं.

आता हा नियम बाईच्या आयुष्याला लावून पाहा. त्याग, सेवा, स्वतःला विसरणं हे गुण सगळ्यांसाठी थोर मानले गेले तरी त्यांची वसुली प्रामुख्याने बायकांकडूनच झाली. त्यामुळे ‘त्याग हा सद्गुण नाही’ असं एखाद्या तत्त्वज्ञानाने ठासून सांगितलं की ते आपोआप बाईच्या बाजूने बोलू लागतं, सांगणाऱ्याच्या मनात तसं असो वा नसो.

हे नातं रँड यांच्याही आधीचं आहे. इंग्रज लेखिका मेरी वॉल्स्टनक्राफ्ट यांनी १७९२ मध्ये बाईच्या बुद्धीचा हक्क मांडला तो याच पायावर. मला त्याहून जवळचं वाटतं ते स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या एलिझाबेथ केडी स्टँटन यांचं १८९२ सालचं भाषण. अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बोलताना त्यांनी एक उतरंड लावली होती. बाई आधी एक स्वतंत्र व्यक्ती, मग देशाची नागरिक, मग स्त्री म्हणून संस्कृतीची बरोबरीची घटक, आणि आई, पत्नी, बहीण, मुलगी ही नाती सगळ्यात शेवटी, आनुषंगिक. कारण शेवटी प्रत्येकाला आपल्या आयुष्याचा भार एकट्यानेच पेलायचा असतो. रँड स्वतःला या परंपरेत बसवत नसत. पण डॅग्नीला स्टँटनबाईंसमोर उभं केलं असतं तर त्यांनी तिला लगेच ओळखलं असतं.

पेट्रोग्राडची किरा

रँड यांचा जन्म १९०५ साली सेंट पीटर्सबर्गचा, पुढे पेट्रोग्राड झालेल्या शहरातला. मूळ नाव अलिसा रोझेनबाउम. वडिलांचं औषधांचं दुकान होतं, ते क्रांतीनंतर जप्त झालं. बोल्शेविक राजवटीने विद्यापीठं मुलींना खुली केली होती. अलिसा तिथेच इतिहास शिकली आणि १९२६ मध्ये अमेरिकेला निघून गेली ती कायमची. स्त्री-पुरुष समतेचा डंका पिटणारी राजवट माणसालाच चिरडू शकते, हे तिने विशीच्या आत पाहिलं होतं. चळवळींबद्दलचा तिचा संशय इथून आलेला दिसतो.

‘वुई द लिव्हिंग’ (१९३६) ही पहिली कादंबरी याच शहरातली. किरा अर्गुनोवाला इंजिनीअर व्हायचंय, पूल बांधायचेत. घराणं ‘चुकीच्या’ वर्गातलं म्हणून तिला तंत्रसंस्थेतून काढून टाकतात. तिचा प्रियकर लिओ क्षयाने आजारी पडतो, आणि त्याच वर्गदोषामुळे त्याला आरोग्यधामात जागा मिळत नाही. तेव्हा ती आंद्रेई या कम्युनिस्ट अधिकाऱ्याशी संबंध ठेवते आणि त्याच्याकडून मिळणाऱ्या पैशावर लिओला क्रिमियात पाठवते.

दुसऱ्या कुणी ही गोष्ट लिहिली असती तर किराची ‘शील गमावलेली, पण मनाने पवित्र’ अशी करुण मूर्ती केली असती. रँड तसं काहीच करत नाहीत. किराला लाज वाटत नाही आणि कादंबरीही तिला लाज वाटायला लावत नाही. लिओ जगणं ही तिची स्वतःची गरज आहे, म्हणून हा तिच्या लेखी त्याग नव्हे. सत्य उघड होतं तेव्हा आंद्रेईसमोरही ती मान खाली घालत नाही. तुम्हीच आम्हाला श्वास घ्यायला जागा ठेवली नाही, असं उलट त्याच्याच व्यवस्थेला सुनावते. एक गोष्ट मात्र खटकते. पूल बांधायला निघालेल्या मुलीची सगळी ताकद शेवटी एका पुरुषाला जगवण्यात खर्च होते, आणि तो पुरुष त्या लायकीचा उरत नाही. दोष राजवटीचा, हे खरंच. तरी या लेखिकेच्या नायिका पुरुषापाशी आल्या की कथेचा तोल थोडा कलतो, त्याची सुरुवात इथेच आहे.

कॅथरीनकडे कुणी पाहत नाही

‘द फाउंटनहेड’ (१९४३) म्हटलं की सगळे नायक हॉवर्ड रोर्क आणि नायिका डॉमिनिक फ्रँकन यांच्याबद्दल बोलतात. स्त्रीवादाच्या दृष्टीने त्या कादंबरीतली सर्वात बोलकी बाई माझ्या मते कॅथरीन हॅल्सी आहे.

कॅथरीन साधी, मायाळू, जरा बावळट वाटेल अशी मुलगी. पीटर कीटिंग या वास्तुशिल्पकारावर तिचं मनापासून प्रेम आहे आणि त्याचंही तिच्यावर. त्याच्या आयुष्यातली तेवढी एकच खरी भावना. तिचा मामा एल्सवर्थ टूही हा निःस्वार्थ सेवेचा मोठा प्रचारक. त्याच्या प्रभावाखाली ती समाजसेविका होते. काही काळाने ती त्याच्याकडे येऊन कबूल करते की मी सुखी नाही. उलट ज्यांना मदत करते त्यांचाच मला राग येऊ लागलाय, आणि त्यांनी माझ्या उपकारात राहावं असं वाटू लागलंय. तिचं निरीक्षण विलक्षण प्रामाणिक आहे. मामा मात्र तिला समजावतो की ‘मी दुःखी आहे’ या तक्रारीतच तुझा ‘मी’ लपलेला आहे. काही हवंसं वाटणंच सोडून दे. कॅथरीन हॅल्सी ही कुणी महत्त्वाची व्यक्ती आहे, हे विसरून जा.

इकडे कीटिंग तिच्याशी दुसऱ्याच दिवशी लग्न करायचं ठरवतो आणि त्याच रात्री डॉमिनिकशी लग्न करून मोकळा होतो. बऱ्याच वर्षांनी तो कॅथरीनला भेटतो तेव्हा तिच्यात राग नाही, दुःख नाही, काहीच नाही. ती कार्यक्षम, कोरडी, दुसऱ्यांना काय हवं हे त्यांच्यावतीने ठरवणारी अधिकारी बाई झालेली असते.

रँड यांनी स्त्रीवादी निबंध लिहायचा म्हणून हे लिहिलेलं नाही. तरी ‘स्वतःला विसर’ हा उपदेश बाईचं काय करतो, हे इतक्या थंड डोक्याने दाखवणारी प्रकरणं मी फार थोडी वाचली आहेत. त्या उपदेशातून प्रेमळपणा वाढत नाही, माणूस आतून रिकामा होतो. आणि रिकामी झालेली व्यक्ती सत्ता गाजवायला लागते.

रोर्क डॉमिनिकला सांगतो की ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणण्याआधी माणसाला त्यातला ‘मी’ म्हणता आला पाहिजे. वाक्य तिला उद्देशून असलं तरी ते लागू पडतं कॅथरीनला. तिचा ‘मी’ पुसून टाकल्यावर प्रेम करायला तिथे कुणी उरतच नाही.

लाजेचं हत्यार

पुन्हा डॅग्नीकडे. तिच्याबद्दल बोलताना लोक तिच्या पदाबद्दल बोलतात. त्याहून धीट गोष्ट आहे ती शरीर आणि लाज यांबद्दलची.

पोलाद उद्योजक हँक रिअर्डन विवाहित आहे. डॅग्नीबरोबरच्या पहिल्या रात्रीनंतर सकाळी तो स्वतःला आणि तिला दोष देऊ लागतो. आपण दोघंही किती खालच्या पातळीवर उतरलो, असं लांबलचक ऐकवतो. डॅग्नी खळखळून हसते. ती सांगते की मला याची शरम नाही, अभिमान आहे. १९५७ सालच्या अमेरिकी कादंबरीत अविवाहित बाई हे म्हणते आणि पुढे तिला कसलीही शिक्षा होत नाही. तोवरच्या कादंबऱ्यांत अशा बाईसाठी आगगाडी, विष किंवा समुद्र तयार ठेवलेला असे.

पुढे सरकारला रिअर्डनचा नवा धातू हवा असतो. तो स्वखुशीने हक्क सोडणार नाही हे माहीत असल्यामुळे अधिकारी त्याला धमकावतात की सही कर, नाहीतर डॅग्नीशी असलेले तुझे संबंध जगजाहीर करू. स्वतःच्या बदनामीची त्याला फिकीर नसते. तिचं नाव खराब होईल म्हणून तो सही करतो. काही काळाने तीच धमकी देऊन डॅग्नीला रेडिओवर सरकारच्या बाजूने बोलायला बोलावतात. ती ध्वनिक्षेपकासमोर बसते आणि सगळ्या देशाला शांतपणे सांगते की होय, माझे त्याच्याशी संबंध होते, मला त्याचा अभिमान आहे, आणि हेच दाखवून त्याची सही घेतली गेली.

बाईची ‘अब्रू’ हे हत्यार कसं चालतं, हे इतकं नेमकं मांडलेलं क्वचित सापडतं. ते चालतं, कारण जिच्यावर ते रोखलं आहे ती लाज मान्य करते. तिने मान्य करायचं नाकारलं की ब्लॅकमेल करणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. रिअर्डनने तिला ‘वाचवलं’ तेव्हा हत्यार चाललं. तिने स्वतः तोंड उघडलं तेव्हा मोडलं.

आणि मग ते हातातलं कडं

हे सगळं लिहिणाऱ्या लेखिकेनेच त्याच कादंबरीच्या सुरुवातीला डॅग्नीच्या उघड्या हातातल्या हिऱ्याच्या कड्याचं वर्णन करताना म्हटलंय की त्यामुळे ती अतिशय स्त्रीसुलभ दिसत होती, साखळदंडात जखडल्यासारखी. वाचताना ठेच लागते.

ठेचा आणखीही आहेत. ‘अँथम’ (१९३८) या छोट्या कादंबरीत ‘मी’ हा शब्दच नष्ट झालेला भविष्यकाळ आहे. नायक आणि नायिका पळून जंगलातल्या जुन्या घरात पोचतात. तो तिथली पुस्तकं वाचत बसतो, ती आरशापुढून हलत नाही. मग माणसांसाठी प्रकाश आणणाऱ्या प्रॉमिथियसचं नाव तो स्वतःसाठी निवडतो आणि तिलाही नाव देतो: गीया, पृथ्वी, नव्या पिढीची आई. ‘मी’ सापडल्यावर पहिलं काम काय, तर तिचं नाव त्याने ठरवणं!

‘द फाउंटनहेड’मधला खाणीतला कामगार म्हणून वावरणारा रोर्क आणि डॉमिनिक यांच्यातला प्रसंग तर सर्वात वादग्रस्त. ती प्रतिकार करते, तो थांबत नाही. पुढे ती स्वतः त्याला बलात्कार हाच शब्द वापरते. सुझन ब्राउनमिलर यांनी १९७५ च्या बलात्कारावरील आपल्या अभ्यासग्रंथात यावर कडक टीका केली. रँड यांचा बचाव असा की डॉमिनिकला ते हवंच होतं, वाचकाला ते आधीच्या पानांवरून कळतं. हा बचाव मला पटत नाही, आणि तोही त्यांच्याच कसोटीवर. संमती बोलून, विचारपूर्वक, दोन्ही बाजूंनी दिली जाते, हा त्यांच्या तत्त्वज्ञानाचा कणा आहे. कारखान्याच्या करारात जी गोष्ट त्यांनी गुन्हा मानली असती, ती शय्येवर ‘तिच्या मनात होतंच’ म्हणून चालवून घेतली.

१९६८ च्या एका लेखात त्यांनी यामागचा सिद्धांत सांगून टाकला. बाईची बुद्धी किंवा कर्तबगारी कमी नाही, हे त्या ठामपणे म्हणतात. पण स्त्रीत्वाचं सार ‘वीरपूजे’त आहे, पुरुषाकडे मान वर करून पाहण्यात आहे, आणि राष्ट्राध्यक्ष झालेल्या बाईला वर पाहायला कुणीच उरणार नाही, म्हणून ते पद तिला मानसिक यातनेचं ठरेल. आता व्यक्ती स्वतःच स्वतःचं प्रयोजन असेल, तर तिची मान कुठल्या दिशेला असावी हे तिच्या लिंगावरून आधीच कसं ठरतं? याचं उत्तर त्या लेखात नाही. रँड यांनी स्वतःच्या आवडीला निसर्गनियमाचा दर्जा दिला, एवढंच म्हणता येतं. त्यांच्या स्वतःच्या घरात कमावणारी आणि नाव असलेली व्यक्ती त्याच होत्या, ही बाबही इथे नोंदवायला हरकत नाही.

मुलं कुठे आहेत?

माझ्या मते याहून मोठी उणीव वेगळीच आहे. किरा, डॉमिनिक, डॅग्नी यांपैकी कुणालाही मूल नाही. म्हाताऱ्या आईवडिलांचं करणं नाही, रात्री तापाने फणफणलेलं पोर नाही. सगळी मोठी, धडधाकट, कमावती माणसं. अशा जगात देवाणघेवाणीचा नियम छान चालतो. तान्हं मूल मात्र देवाणघेवाण करू शकत नाही.

केट शोपँ यांच्या १८९९ सालच्या ‘द अवेकनिंग’मधली एडना दोन मुलांची आई आहे. मुलांसाठी पैसा देईन, जीवही देईन, पण स्वतःला देणार नाही, असं ती म्हणते. तिची सगळी शोकांतिका या वाक्यात आहे. रँड यांनी आपल्या नायिकांना तिथे उभंच केलं नाही. ‘अ‍ॅटलस श्रग्ड’मध्ये जगाकडे पाठ फिरवलेली कर्तबगार माणसं गॉल्टबरोबर ज्या गुप्त दरीत राहतात, तिथे दोन मुलांची आई असलेली एक तरुणी क्षणभर दिसते आणि आईपण हा मी निवडलेला व्यवसाय आहे, असं सांगून निघून जाते. कल्पना विचार करण्यासारखी आहे. कादंबरी तिला दोन पानंही देत नाही.

त्याच दरीत एक मजेदार तपशील आहे. विमान कोसळून तिथे पोचलेल्या डॅग्नीला फुकट राहायची परवानगी नसते, म्हणून ती गॉल्टच्या घरी स्वयंपाक आणि घरकाम करते, सोन्याच्या नाण्यांत पगार घेऊन. रेल्वे चालवणारी बाई चुलीपाशी आली म्हणून बऱ्याच वाचकांचा इथे जीव चडफडतो. पण घरकामाला मोल आहे आणि ते रोख मोजलं पाहिजे, ही मागणी १९७२ पासून युरोपातल्या डाव्या स्त्रीवाद्यांनी मोहीम काढून लावून धरली होती. भांडवलशाहीच्या या कट्टर समर्थकाच्या कादंबरीत ती आधीच मान्य झालेली पाहून त्यांना हसावं की रडावं कळलं नसतं.

मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगन यांनी १९८२ मध्ये ‘काळजी’ हाच नैतिकतेचा पाया धरून विचार मांडला, म्हणजे रँड यांच्या अगदी विरुद्ध टोकावरून सुरुवात केली. तिथेही परिपक्वतेची पायरी येते ती बाईने काळजी घेण्याच्या वर्तुळात स्वतःलाही धरलं की. कॅथरीन हॅल्सीचं काय चुकलं, यावर या दोघींचं एकमत झालं असतं. उपाय काय, यावर मात्र नाही.

चळवळीशी वैर, तरी वारसा

राजकारणात रँड यांचा हिशेब सरळ होता. गर्भपात करायचा की नाही हे फक्त त्या बाईने ठरवायचं, असं त्यांनी १९६८ मध्येच, म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या निकालाच्या पाच वर्षं आधी, जाहीरपणे मांडलं. पुढे याच मुद्द्यावर त्यांनी रेगन यांना विरोध केला. सरकारकडे सवलती, पाळणाघरं, खास तरतुदी मागणारी चळवळ मात्र त्यांना सहन होत नव्हती. हक्क म्हणजे दुसऱ्याने आड न येणं. दुसऱ्याच्या खिशातून काही मिळणं हा हक्क नाही, ही त्यांची रेघ. तिला उत्तर आहे, आणि ते वरच्या तान्ह्या मुलात आहे.

१९७८ मध्ये अभ्यासक मिमी ग्लॅडस्टीन यांनी डॅग्नीला स्त्रीवादी अभ्यासक्रमात जागा द्यावी असा लेख लिहिला, आणि १९९९ मध्ये ख्रिस सियाबारा यांच्यासोबत रँड यांच्यावरील स्त्रीवादी लेखांचा संग्रह काढला. त्यात ब्राउनमिलर यांची टीकाही आहे. त्याआधी १९७३ मध्ये टोनी नेथन यांनी स्वातंत्र्यवादी (लिबर्टेरियन, म्हणजे सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी असावा असं मानणाऱ्या) स्त्रीवाद्यांची संघटना रँड यांच्या वाढदिवशी सुरू केली होती. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत या नेथनबाई उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या होत्या, आणि अमेरिकेच्या इतिहासात निर्वाचक मंडळाचं मत मिळालेली ती पहिली बाई.

कुठून सुरुवात करावी असं कुणी विचारलं तर मी ‘वुई द लिव्हिंग’ सुचवते. तिच्यात भाषणं सर्वात कमी आणि माणसं सर्वात जास्त आहेत. ‘अ‍ॅटलस श्रग्ड’ घेतलीत तर गॉल्टचं लांबलचक रेडिओ-भाषण पहिल्या वाचनात खुशाल चाळून पुढे जा, मात्र चेरिल ब्रुक्सची पानं गाळू नका. दुकानात काम करणारी ही मुलगी मोठा माणूस समजून जेम्स टॅगार्टशी लग्न करते. त्याच्याकडे मान वर करून पाहण्याची किंमत ती जिवाने मोजते, आणि वीरपूजेच्या सिद्धांताविरुद्धचा सर्वात भक्कम पुरावा स्वतः रँड यांनीच तिथे लिहून ठेवलाय.